नवी रोपं आणि बागेतले दगड : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग जवळ आला की दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात: नर्सरीतून काय काय आणलं त्याचे, आणि गाडीच्या डिकीत कुठले दगड टाकून आणले त्याचे. या दोन्ही गोष्टी घरात एकट्या येत नाहीत. रोपाबरोबर पिठ्या ढेकूण येतो, लव्हाळा येतो. दगडाबरोबर क्षार येतात, विंचू येतो आणि कधी कधी तहसील कार्यालयाची नोटीसही. खालची उत्तरं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली माती, पाणी आणि दगड डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

नर्सरीतून आणलेलं रोप त्याच दिवशी लावलं तर काय बिघडतं?

त्या रोपाचं फारसं नाही, पण आधीच्या झाडांचं बिघडतं. म्हणून नवं रोप १५ ते २१ दिवस वेगळं ठेवायचं. जुन्या कुंड्यांपासून सहा-सात फूट लांब, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा त्याला द्या. पिठ्या ढेकणाच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि ती पिल्लं नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. नर्सरीत लखलखीत दिसलेलं जास्वंद घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात पांढरं पडतं ते यामुळेच.

या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी तीन जागा बघा. पहिली, पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो ती बेचकी. तिथे कापसाचा बारीक धागा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. दुसरी, पानांची मागची बाजू. तिसरी, खोडावर चढणाऱ्या मुंग्या. मुंग्यांची रांग दिसली की वर मावा, खवले कीड किंवा ढेकूण आहे असंच धरून चाला, कारण मुंग्या त्यांच्या गोड चिकट्यासाठी येतात. लाल कोळ्यासाठी पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारायची आणि अर्धा मिनिट कागदाकडे बघत राहायचं. ठिपके चालायला लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली तर तो कोळी, नुसती धूळ नव्हे.

थोडे ढेकूण असतील तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपून काढा. जास्त असतील तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली भांडी घासायचं द्रव घालून खूप हलवा आणि संध्याकाळी फवारा. दर पाच-सात दिवसांनी, तीन वेळा. एकदाच फवारून थांबलात तर अंडी तशीच राहतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुपारच्या उन्हात फवारलं तर पानं भाजतात, आणि दोष मात्र तेलाला दिला जातो.

नर्सरीत रोप निवडताना फुलं बघायची की पानं?

पिशवीचा तळ बघायचा. महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवलेल्या रोपाचं मूळ पिशवीच्या भोकातून खालच्या जमिनीत गेलेलं असतं. ते रोप तजेलदार दिसतं, कारण ते जेवतं जमिनीतून. विकताना पिशवी उपटतात, तेव्हा तेच जाड मूळ तुटतं आणि घरी आल्यावर तीन-चार दिवसांत झाड माना टाकतं. तळाशी ताजं तुटलेलं, पेन्सिलीएवढं मूळ दिसलं तर ते रोप राहू द्या.

दुसरी फसगत म्हणजे ‘लहान पिशवीत मोठं झाड’. त्याच्या मुळ्या आत गोल गोल फिरून दोरीसारख्या झालेल्या असतात. जमिनीत लावल्यावरही त्या तशाच गोल वाढत राहतात आणि दोन वर्षांनी वाऱ्याने झाड हलायला लागतं. दीड फुटाचं, बुंध्याशी पक्कं रोप चार फुटांच्या लवचिक काडीपेक्षा केव्हाही चांगलं. कलमी गुलाबात कलमाच्या सांध्याखालून निघालेला फुटवा दिसला तर तो जंगली खुंटाचा समजायचा आणि मुळापासून मोडून टाकायचा. नुसता वरून छाटला तर तो दुप्पट जोमाने येतो.

गाडीवरून आणताना रोपं मरगळतात, काय करावं?

वाऱ्याने पानांतलं पाणी उडतं. दुचाकीवर आणताना वर्तमानपत्राचा कागद शेंड्याकडून खाली असा शंकूसारखा गुंडाळा, वरून सुतळी बांधा आणि रोप उभं न धरता आडवं ठेवा. मे महिन्यात बंद डिकीत रोप अर्धा तासही ठेवू नका. घरी आल्यावर सावलीत पाणी द्या, खत देऊ नका. आल्या आल्या खत देणं म्हणजे प्रवासातून आलेल्या माणसाला तोंडही न धुता जेवायला बसवणं.

पिशवीतली लाल माती काढून टाकायची का?

नर्सरीतल्या पिशव्यांत बहुतेक वेळा लाल चिकण माती असते. प्रवासात गोळा फुटू नये म्हणून ती बरी, पण वाळली की विटेसारखी घट्ट होते. हा गोळा तसाच कोकोपीटच्या भुसभुशीत मिश्रणात ठेवला की पाणी आजूबाजूच्या मोकळ्या भागातून खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. वरची माती ओली आणि झाड मात्र तहानलेलं. ‘रोज पाणी घालूनही सुकलं’ या तक्रारीमागे अनेकदा हेच निघतं.

लावण्याआधी पिशवीसकट रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग ब्लेडने पिशवी उभी चिरा. ओढून काढू नका. बाहेरची एक-दीड इंच माती बोटांनी मोकळी करा, गोल फिरलेल्या मुळ्या सोडवा, आणि ज्या सुटत नाहीत त्या गोळ्याच्या दोन-तीन बाजूंनी कात्रीने उभ्या कापा. बोगनवेलीच्या बाबतीत मात्र गोळ्याला हात लावू नका. तिच्या मुळ्या फार ठिसूळ असतात, नुसती पिशवी चिरून सगळा गोळा जसाच्या तसा बसवा.

माती मोकळी करताना बोटांना वाटाण्याएवढ्या, काळपट, जरा खरखरीत गाठी लागल्या आणि त्यांना बारीक दोऱ्यासारखी मुळं दिसली, तर तो लव्हाळा. एक गाठ राहिली तरी पावसाळ्याच्या शेवटी वाफाभर लव्हाळा होतो. नुसतं वरचं पातं उपटलं तर गाठ खालीच राहते आणि नवी पाती काढते. त्यामुळे ती सगळी माती कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्येही नको. पावसाळ्यात साबुदाण्याएवढी पिवळसर अंडी सापडली तर ती गोगलगायीची. ती मिठाच्या पाण्यात टाका, आणि गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका.

आणलेल्या कढीपत्त्याची किंवा तुळशीची पानं लगेच खाल्ली तर चालतात?

नको. नर्सरीत कशाची, कधी फवारणी झाली हे विकणाऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. आहेत ती पानं खुडून टाका आणि महिन्याभराने नवी फूट आल्यावर तीच वापरा.

मैत्रिणींमध्ये फांद्यांची देवाणघेवाण करतो. कुठली फांदी कशी द्यायची?

जास्वंद, कण्हेर, बोगनवेल यांची पेन्सिलीएवढी जाड, सहा ते आठ इंचांची फांदी द्या. खालचा काप गाठीच्या लगेच खाली तिरका, वरचा काप सपाट, म्हणजे उलटी लावली जात नाही. फुलं आणि कळ्या काढा, वरची दोनच पानं ठेवा, तीही अर्धी कापून. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली तर दोन दिवस टिकते. कण्हेरीचा चीक आणि पानं विषारी असतात, तेव्हा देताना ते सांगून द्या आणि शेळीच्या तोंडाला येईल तिथे लावू नका.

चाफ्याचं उलटं आहे. चाफ्याची फांदी कापल्यावर चीक गळतो. ती सावलीत आठ-दहा दिवस तशीच पडू द्या, काप पूर्ण कोरडा होऊन त्यावर खपली धरली की मगच लावा. ताजी फांदी ओल्या मातीत खोचली की खालून मऊ पडते आणि कुजते. निवडुंग, जेड, अडेनियम यांनाही हाच नियम. रात्री फुलणारं, ज्याला आपण हौसेने ब्रह्मकमळ म्हणतो, त्याचं चपटं पान दोन-तीन दिवस सुकवून एक-दीड इंच खोल खोचलं की लागतं. खऱ्या ब्रह्मकमळाशी त्याचा काही संबंध नाही, ते हिमालयात होतं.

देताना कागदाच्या चिठ्ठीवर झाडाचं नाव, फुलाचा रंग, ऊन किती लागतं आणि फांदी कधी कापली एवढं लिहा. शाईचं पेन पाण्याने पुसलं जातं, पेन्सिलीने लिहिलेलं राहतं. आणि मावा पडलेलं झाड असेल तर ‘नंतर देते’ म्हणण्यात काही कमीपणा नाही.

कास पठारावरून एखादं रोप किंवा छोटा दगड आणला तर काय होतं?

गुन्हा होतो. कासचा भाग राखीव वनात आहे, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये त्याचा समावेश आहे. भारतीय वन कायदा १९२७ नुसार वनातला दगड, माती, फूल, पान हे सगळं वनोपज. ‘एवढासा तर होता’ हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही. कोयना अभयारण्य, सागरेश्वर आणि चांदोलीच्या परिसरात वन्यजीव कायदा १९७२ लागतो, तो आणखी कडक.

कायदा बाजूला ठेवला तरी ती रोपं घरी जगत नाहीत. पठारावर जांभ्याच्या कातळावर जेमतेम काही इंच माती असते. पावसाळ्यात तिच्यावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि दिवाळीनंतर ती तापून भाजते. सीतेची आसवं किंवा वायतुरा या चक्रावरच जगतात. वायतुऱ्याच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. त्याला कुंडीत बारा महिने पाणी देऊन काय मिळणार? कातळावरचा सुटा दगड उचलला की त्याखालचा ओलावा जातो आणि त्या ओलाव्यावर राहणारे जीवही जातात.

मग दगड आणायचे कुठून?

सगळ्यात सोपं म्हणजे स्वतःच्या प्लॉटवर पाया किंवा विहीर खणताना निघालेले दगड. ते तिथेच वापरा. बाहेर न्यायचे किंवा विकायचे असतील तर आधी तलाठ्याकडे विचारा.

दुसरी जागा शेताचा बांध. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागांत शेतकरी दर नांगरणीला दगड वेचून बांधावर टाकतो. मालकाला विचारून त्या ढिगातले घ्या, बरेचदा तो खूशच होतो. पण ताल म्हणून रचलेल्या दगडांना हात लावायचा नाही. ताल माती अडवण्यासाठी असते. मधले दोन दगड काढले की पुढच्या वळवाच्या पावसात तिथूनच खिंडार पडतं आणि शेतातली माती ओढ्याला जाते.

तिसरी, क्रशर आणि बांधकाम साहित्याची दुकानं. तिथे कच (क्रशरमधली दगडाची बारीक चुरी), ६, १२, २० आणि ४० मिलिमीटरची खडी, डबर, मुरूम मिळतो. पावती मागा. दगड, वाळू, मुरूम ही गौण खनिजं आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना उपसा आणि वाहतुकीला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होते. ट्रॅक्टरवाला ‘स्वस्तात टाकतो’ म्हणाला तर वाहतूक पास आहे का विचारा. पास नसेल तर तुमच्या दारात ट्रॉली रिकामी होताना पंचनामा होईल.

कृष्णा, वेण्णा, कोयनेच्या पात्रातले गोटे कितीही सुरेख असले तरी पात्र सरकारी असतं आणि वरचं सगळं तिथेही लागू होतं. गोल गोटेच हवे असतील तर विकतच्या गोट्यांची पिशवी आणा, पण आधी पुढचा प्रश्न वाचा.

किल्ल्यावरचे घडीव दगड, गावाबाहेर पडलेले वीरगळ, सतीशिळा यांबद्दल वाद नको. शंभर वर्षांहून जुनं शिल्प पुरावशेष ठरतं, आणि त्याला १९७२ चा स्वतंत्र कायदा आहे. ‘असाच पडला होता’ असा वीरगळ लॉनमध्ये उभा केलेला दिसतो, तेव्हा त्या गावाचा सातशे-आठशे वर्षांचा एक पुरावा नाहीसा झालेला असतो. आणि शेंदूर लावलेला दगड कुणी उचलत नाही, हे सांगायला नको.

पांढरे चकचकीत खडे कुंडीत घातले तर झाडं पिवळी का पडतात?

ते बहुतेक संगमरवराचे तुकडे असतात, म्हणजे चुनखडीच. पाण्याने ते हळूहळू विरघळतात आणि माती आणखी विम्लयुक्त, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची होते. सांगली, मिरज, तासगाव पट्ट्यातली काळी माती मुळातच तशी, त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असतं पण झाडाला घेता येत नाही. मग अनंत, एक्झोरा, हायड्रेंजिया यांची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक ते बघून युरिया देतात. त्याने काही होत नाही.

चाचणी घरात होते. खडा धुऊन कोरडा करा, सुरीने थोडा ओरखडा काढा आणि त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. ओरखड्यात बारीक बुडबुडे उठले, कान जवळ नेल्यावर सर्रर्र ऐकू आलं, तर चुना आहे. आपला काळा बेसॉल्ट गप्प राहतो. मात्र काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे खडे भरलेले असतात, त्यातले काही फसफसतात आणि काही नाही. फसफसतो तो कॅल्साइट. न फसफसणारी गारगोटी किंवा झिओलाइट, त्याने काही बिघडत नाही. कोकणातून येताना समुद्रकिनाऱ्यावरचे शिंपले आणू नका, त्यात चुनाही आणि मीठही. प्रवाळ तर वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

पश्चिम साताऱ्याच्या लोकांना जांभ्याचा पर्याय आहे. जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे पाणी धरतात, चुना नसतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि नेचे आपोआप बसतात. उन्हाळ्यात तो काळ्या दगडाइतका तापतही नाही.

दगड आणल्यावर तो धुवायचा की तसाच ठेवायचा?

आधी तो आठवडाभर उन्हात, जमिनीपासून वर, विटांवर ठेवा. दगडाला चिकटलेली माती वाळून पडते आणि आतले मुंगळे, विंचू, गोम निघून जातात. मग ब्रशने घासून साध्या पाण्याने धुवा. ॲसिड ओतू नका. दगड स्वच्छ होतो, पण खालची माती आणि गांडुळं संपतात.

दगड उचलण्यापूर्वी त्याच्या पलीकडच्या बाजूला पहार घालून, दगड आपल्या आणि फटीच्या मध्ये राहील असा तो आपल्याकडे कलता करा. आत काही असलं तर ते पलीकडे निघतं. हातमोजे आणि बूट हवेतच. कोरड्या खडकाळ भागात दगडाखाली फुरसं असू शकतं, आणि लाल विंचू तर नेहमीचाच. विंचू चावून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर थेट सरकारी दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिल्यापासून प्राझोसिन हे औषध या विंचवासाठी वापरलं जातं, आणि ते वेळेत मिळणं महत्त्वाचं. साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. माणसाला हलू न देता १०८ ला फोन करा.

खडी किती लागेल आणि मोठा दगड किती किलोचा असेल, हे कसं काढायचं?

लांबी आणि रुंदी फुटांत, थराची जाडी इंचांत घ्या. तिन्ही गुणून १२ ने भागलं की घनफूट येतात. १० बाय ५ फुटांच्या वाफ्यावर २ इंच थर म्हणजे साधारण ८.३ घनफूट. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत सव्वा घनफूट खडी मावते, म्हणजे सात गोण्या. एकेक गोणी पन्नास किलोच्या वर जाते, म्हणून त्या अर्ध्या भरून चौदा करा, पाठ वाचेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यात २ इंचांच्या थराने ६०० चौरस फूट झाकतात.

काळ्या दगडाचं एक घनफूट भरीव माप साधारण ८० किलो होतं. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर उंच अशा ओबडधोबड दगडाचं माप पेटीसारखं धरून त्याचे सहा दशांश घ्या: सव्वादोन घनफूट, म्हणजे १८० किलो. दोन माणसांनी उचलायचा हा दगड नव्हे. खाली पाच-सहा लोखंडी पाइपचे तुकडे टाकून तो सरकवा. मागून पहारीने रेटायचा, एकाने मागचे पाइप काढून पुढे आणायचे. उतारावर दगडाच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

उन्हाळ्यात नीट बसवलेला दगड पावसाळ्यात कलतो. का?

सांगलीतली काळी माती हे कारण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. फुगताना ती दगडाला वर ढकलते, आणि एका बाजूने जास्त ढकलते. उपाय पायातच करावा लागतो. दगडाची जेवढी बाजू गाडायची त्यापेक्षा सहा इंच जास्त खणा. तळात सहा इंच मुरूम दोन थरांत टाका. प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुमसाने ठोका. दगड रुंद बाजू खाली घेऊन बसवा, बाजूने माती न भरता खडी-मुरूम भरा. दगडाचा तिसरा भाग जमिनीत जायला हवा. नुसता ठेवलेला दगड विसरून राहिल्यासारखा दिसतो, गाडलेला तिथेच जन्मल्यासारखा. दोन-तीन दगड असतील तर त्यांच्या चिरा आणि थर एकाच दिशेला ठेवा, डोंगरात ते असेच असतात.

जावळी, पाटणच्या लाल मातीत हा त्रास कमी असतो. तिथे अडचण पाण्याची. उतारावर दगडाच्या वरच्या बाजूला पाणी साचून तो खाली सरकतो, म्हणून दगडाचा माथा डोंगराकडे किंचित झुकवा आणि वर छोटी चारी काढा.

दगडांमध्ये कुठली झाडं लावू?

माण-जत बाजूला, आणि सांगलीच्या उन्हात: कोरफड, अडेनियम, चाफा, शतावरी, ऑफिस टाइम. पहिल्या पावसाबरोबर फुलणाऱ्या रेन लिलीचे कंद दोन दगडांच्या फटीत टाका, पुढे बघावंही लागत नाही. अडेनियमला मात्र जुलैत सतत भिजू देऊ नका. एक भाग माती, दोन भाग कच आणि एक भाग गांडूळखत अशा मिश्रणातही ते आठवडाभराच्या संततधारेत बुंध्याशी मऊ पडतं. महाबळेश्वर पट्ट्यात नेचे, बिगोनिया, तेरडा, हायड्रेंजिया.

बुंधा आणि काळा दगड यांत निदान सहा-आठ इंच अंतर ठेवा. एप्रिलमध्ये दुपारी काळा दगड हात ठेववत नाही इतका तापतो, आणि रात्री नऊपर्यंत ती धग सोडत राहतो. मोगरा, गुलाब त्याला चिकटून लावले की एका बाजूची पानं कडेने करपतात.

खडीखाली प्लास्टिक घातलं तर तण येणार नाही ना?

एक वर्ष नाही येणार. मग खडीवर धूळ आणि पाला साचतो आणि त्यातच तण उगवतं, प्लास्टिकच्या वर. शिवाय प्लास्टिकखालची माती कुजकट होते, पावसाचं पाणी आत जात नाही. पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड घाला, किंवा आठ-दहा थर वर्तमानपत्र. लव्हाळा आणि हरळी आधी खणून काढा, लव्हाळ्याचं कोवळं टोक वर्तमानपत्र काय, कापडही भोसकून वर येतं.

गच्चीवर दगडांची बाग करता येईल का?

खड्यांची करता येते, दगडांची नाही. वावर असलेल्या निवासी गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर एवढा भार धरतात. दोन इंच खडीच त्यातले ८० किलो खाते. फूटभर ओली माती पाचशेच्या वर जाते. जुन्या इमारतीत तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय काही चढवू नका. दगडी रूप हवंच असेल तर जड कुंड्या भिंतींवर आणि खांबांच्या माथ्यावर येतील अशा ठेवा, मध्ये पातळ थर.

दगडांवर पांढरे डाग पडतात, ते कशाचे?

बोअरच्या जड पाण्याचे. पाणी उडतं, चुना दगडावर राहतो. पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून ब्रशने घासा, झाडापासून लांब. पण मातीवरच पांढरी पापडी येत असेल तर ते क्षार. नदीकाठच्या उसाच्या क्षारपड रानातली माती बागेत भरली असेल तर हे हमखास होतं. पोयटा विकत घेताना मूठभर वाळवून बघा, वर पांढरट थर धरला तर घेऊ नका.

जुनं जातं, उखळ, दगडी डोणी बागेत ठेवायची आहे.

घरातलीच असेल किंवा रीतसर विकत घेतली असेल तर जरूर. जात्याची तळी पायवाटेत छान बसते, टाकी लावलेली खरखरीत बाजू वर ठेवली तर पाय घसरत नाही. डोणीत झाड लावायचं असेल तर तळाला किमान एक इंचाचं भोक हवं. ते दगडकाम करणाऱ्याकडून ड्रिलने पाडून घ्या, घरी छिन्नी मारली की डोणीला तडा जातो. पाणी ठेवायचं असेल तर भोक नको, पण आठवड्यातून एकदा डोणी पूर्ण रिकामी करून आतून घासा. डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. ते जमणार नसेल तर चार गप्पी मासे सोडा आणि मे महिन्यात डोणीवर सावली धरा, नाहीतर दुपारच्या गरम पाण्यात ते मरतात.